जुन्या फोनसाठी उघडं ठेवलेलं दार

आमच्या थोरलीला घरात सगळे टाचणी म्हणतात. अंगाने तशीच, आणि टोचण्यातही मागे नाही. पंपांच्या कारखान्यात ती ईमेलचा सर्व्हर सांभाळायची. जिन्याखालच्या खोलीत तो ठेवलेला. तिथला एसी असा की भर उन्हाळ्यात ही स्वेटर घेऊन निघायची. शेजारीण हसायची, "वहिनी, पोरगी बर्फाच्या कारखान्यात आहे का हो?"

"नेमकं करतेस काय गं तिथे?" मी एकदा विचारलं.

"फटी बुजवते. चोर रोज नवी फट शोधतात, ती बुजवायला अपडेट येतं. ते वेळच्या वेळी लावायचं."

"म्हणजे गवंडीकाम."

"तेच. फक्त भिंत कुणाला दिसत नाही, म्हणून गवंडीही दिसत नाही."

कारखान्याचे मालक, मोठे साहेब, मात्र तिला ओळखून होते. कारभार मुलाच्या हाती देऊनही ते रोज येत आणि जेवणाच्या सुट्टीत एका जुनाट फोनवर मेल वाचत बसत. बायकोने शेवटच्या आजारपणात दवाखान्यातून लिहिलेली पत्रं होती ती.

पुढे सर्व्हरमध्ये शिरायची जुनी पद्धत बंद करायची वेळ आली. तिच्यात नुसता पासवर्ड पुरायचा. नव्या पद्धतीत पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवावी लागे आणि ती त्या फोनला जमेना. टाचणीने नवा फोन नेऊन दाखवला.

"पत्रं तीच आहेत, साहेब."

"असतील. पण मी तिला यात वाचलेलं नाही."

टाचणीने सगळ्यांसाठी जुनं दार बंद केलं आणि त्यांच्या खात्यापुरतं उघडं ठेवलं. "आठवडाभर, आई. तोवर समजावते त्यांना," म्हणाली. तो आठवडा काही संपला नाही. तिच्या जिवाला घोर लागला तो दिसत होता. जेवताना घास हातातच राहायचा.

चोर तिथूनच शिरले. साहेबांचा पासवर्ड म्हणजे बायकोचं नाव. ओळखायला कितीसा वेळ? त्यांच्या नावाने गिऱ्हाइकांना खोटे मेल गेले, मग चोरांनी अख्खा सर्व्हरच कुलूपबंद केला. टाचणीने राखून ठेवलेल्या प्रतीवरून सगळं परत उभं केलं. त्यानंतर धाकट्या साहेबांनी बैठक बोलावली.

"हे दार कुणासाठी उघडं होतं?"

मोठे साहेब समोरच होते. टाचणीने त्यांच्याकडे पाहिलं. ते चष्मा पुसत राहिले.

"माझ्याकडून राहिलं," ती म्हणाली. नोकरी गेली.

"अगं, त्यांचं नाव का नाही घेतलंस?" मी घरी चिडले.

"त्यांनी घ्यायचं होतं, आई."

आता मुलाखतीला गेली की आधीच्या नोकरीचा विषय निघतोच, आणि ही गप्प होते. स्वेटर खुंटीवर तसाच आहे. मी तो धुवायला काढत नाही.

काल दुपारी मोठ्या साहेबांचा फोन आला. "अगं, तिची पत्रं उघडत नाहीत. नवा माणूस म्हणतो, हा फोन चालणारच नाही."

मी खुणेने म्हटलं, ठेव. तिने ठेवला नाही.

"बरोबर केलंय त्याने, साहेब. आता हट्ट करू नका. पत्रं शाबूत आहेत. मोठ्या अक्षरात छापून घ्या, चष्म्याशिवाय वाचता येतील."

 पलीकडून हळूच, "तू येशील छापून द्यायला?"

"मला आता आत सोडत नाहीत, साहेब."