दुसरं लॉगिन

त्या लॅबमध्ये कुणाचंही नाव फार दिवस टिकत नसे. रक्त काढणारा तो सुईवाला, काउंटरवर बसणारी ती पावतीताई, आणि मागच्या अंगाला, जिथे पूर्वी बिघडलेले फ्रिज ढकलून ठेवायचे त्या खोलीत बसून लॅबची वेबसाइट सांभाळणारी ती कॉम्प्युटरबाई. चाळिशी ओलांडलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, दादा-वहिनींच्या घरी वरच्या खोलीत राहणारी. कामाला वाघ. पण उन्हाळ्यात तिचे बाबा गेले आणि तेव्हापासून बाईंचं काम चालू होतं, बाई बंद होत्या.

बाबा झोपेतच गेले. कुणाला काही बोलायची, कुणाचा हात धरायची संधीच त्यांनी दिली नाही. सगळे रडले. दादा तर लहान मुलासारखा रडला. ही रडली नाही. आल्यागेल्यांना चहा दिला, खुर्च्या मांडल्या, खुर्च्या उचलल्या आणि आठवडा संपायच्या आत कामावर हजर झाली.

वहिनी हात धुऊन मागे लागली होती. "अगं, रड की एकदाची. दगड झालीयेस नुसती."

"रडेन हं वहिनी," ही म्हणायची. येताना साबण घेऊन येईन म्हणावं, तितक्याच सहज.

तिला वाईट वाटत नव्हतं. बरंही वाटत नव्हतं. चहा गरम होता की गार, हे कप रिकामा झाल्यावरही तिला सांगता आलं नसतं. एकदा जिन्यात पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला, तर तेही संध्याकाळी वहिनीनेच पाहिलं.

आता बाईंच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. लोक रक्त देऊन घरी जायचे आणि रिपोर्ट वेबसाइटवर बघायचे. माणूस लॉगिन झाला की त्याचं सेशन सुरू होतं. तो कोण, त्याने कुठला रिपोर्ट उघडला, हे लक्षात ठेवायला प्रोग्राममध्ये त्याच्यापुरती एक वस्तू तयार होते. तो बाहेर पडला, किंवा नुसताच बसून राहिला, की ती वस्तू फेकून द्यायची. पुढच्याला नवी. साधा मामला आहे. लॉजमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा टॉवेल देतात, तसा. हे देणं-घेणं बाईंना स्वतः करावं लागत नसे. फ्रेमवर्क नावाचा एक आयता सांगाडा असतो, तो ते करतो. फक्त त्याला एका ओळीत बजावावं लागतं की बाबा रे, ही वस्तू प्रत्येक सेशनला वेगळी हवी. ती ओळ लिहायची राहिली, तर तो तोंडातून ब्र काढत नाही. एकच टॉवेल काढतो आणि सगळ्या गावाला तोच देतो.

आणि यातली गोम अशी, की एकट्याने तपासलं तर सगळं बरोबरच दिसतं. तुम्हीच आत, तुमचाच रिपोर्ट, कसला घोळ होणार? घोळ दिसायला दुसरं माणूस लागतं.

बाईंचं दुसरं माणूस म्हणजे बाबा. साऱ्या जन्माचे ट्रक ड्रायव्हर, कॉम्प्युटरशी छत्तीसचा आकडा. पण जेवणाच्या टेबलावर समोरासमोर दोन लॅपटॉप मांडले की स्वारी तयार. ही एका नावाने आत शिरायची, बाबा दुसऱ्या. आपलं लॉगिन त्यांनी स्वतःच ठरवलं होतं: राजेसाहेब. बटण एकदा दाबून त्यांचं समाधान होत नसे. हॉर्न वाजवावा तसं ते दाबत सुटायचे.

"बाबा, एकदाच!"

"अगं, पब्लिक काय एकदाच दाबणार आहे? आणि माझ्या रिपोर्टचं काय झालं?"

मग ही त्यांच्या नावाने खोटाच रिपोर्ट टाकायची. 'रुग्ण ठणठणीत. बडबड प्रमाणाबाहेर.' तो बाबा वहिनीला वाचून दाखवायचे, दादाला दाखवायचे, आणि दूधवाला सापडला तर त्यालाही सोडायचे नाहीत.

बाबा गेल्यावर बाईंनी रिपोर्टचं पान नव्याने लिहिलं. तपासायची वेळ आली. बाबा नसले म्हणून काम काही अडत नव्हतं. त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या ब्राउझरची खिडकी उघडायची आणि दुसऱ्या नावाने आत जायचं, मिनिटभराचं काम. दुसरं नाव म्हणजे राजेसाहेब. बाईंनी खिडकी उघडली. रिकाम्या चौकोनात कर्सर लुकलुकत होता. त्या त्याच्याकडे बघत बसल्या, मग खिडकी बंद केली. स्वतःच्या एका लॉगिनवर पान तपासलं, सगळं छान चाललं, नवं पान वेबसाइटवर चढवून मोकळ्या झाल्या. ती एक ओळ लिहायची राहिली होती.

दोन-तीन दिवसांनी सकाळीच एक निवृत्त मास्तर लॅबमध्ये आले. हातात फुगलेली पिशवी. काउंटरवर त्यांनी कुठल्या हॉस्पिटलात भरती व्हायचं ते विचारलं. पिशवीत पायजमा, टॉवेल, टूथब्रश, चष्म्याची जादा जोडी, सगळी तयारी होती. पावतीताई गडबडली आणि त्यांना मागे बाईंकडे घेऊन आली.

मास्तरांनी फोन पुढे केला. "घरी कुणाला बोललो नाही. ही पाहा, पांढऱ्या पेशी. एवढ्या असतात का कुणाच्या? खाली लाल अक्षरात लिहिलंय, ताबडतोब डॉक्टरांना भेटा. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

वर नाव मास्तरांचंच होतं. बाईंनी नजर खाली नेली. रिपोर्टच्या तळाशी, कुणी वाचत नाही अशा बारीक अक्षरात, नमुन्याचा क्रमांक असतो. तो मास्तरांच्या पावतीवरचा नव्हता.

"मास्तर, हा तुमचा रिपोर्ट नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी खरा रिपोर्ट काढून समोर धरला. वयाच्या मानाने फक्कड होता.

मास्तर मटकन खुर्चीत बसले. हसले. रुमाल काढून मान पुसली. पिशवीची दोरी आवळून निघालेच होते, ते दाराशी थबकले.

"मग कुणाचा आहे हो?"

मास्तर गेल्यावर बाईंनी दार लोटलं आणि दुसरी खिडकी उघडली. 'राजेसाहेब' ही अक्षरं एकेक करून टाइप केली. एका खिडकीत स्वतः, दुसरीत बाबा. बाबांच्या खिडकीत रिपोर्ट उघडला आणि आपल्या खिडकीत येऊन पान ताजं केलं. वर बाईंचं नाव. त्याखाली, 'रुग्ण ठणठणीत. बडबड प्रमाणाबाहेर.'

त्यांना काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चूक सापडली, एवढंच. नाव लॉगिनमधून येत होतं म्हणून बरोबर होतं, आणि उघडलेला रिपोर्ट ज्या वस्तूत राहायचा ती सगळ्यांना मिळून एकच होती. जो शेवटी दाबेल त्याचा रिपोर्ट सगळ्यांच्या नावाखाली. बाईंनी ती ओळ लिहिली आणि पान पुन्हा चढवलं. दुरुस्ती म्हणाल तर झाली.

मग त्यांनी सर्व्हरवरच्या नोंदी काढल्या. कुणाला कुठल्या क्रमांकाचा रिपोर्ट गेला, ते तिथे असतं. अदलाबदल आणखीही काही जणांची झाली होती, पण ती किरकोळ, साखर थोडी इकडे, हिमोग्लोबिन थोडं तिकडे. मास्तरांना ज्याचा रिपोर्ट दिसला तो मात्र एक म्हातारा गृहस्थ होता. त्याच वेळी तोही लॉगिन होता. मास्तरांनी घाईघाईत दोनदा दाबलं होतं: पहिल्यांदा त्यांना म्हाताऱ्याचा रिपोर्ट दिसला, दुसऱ्या दाबाचं पान त्यांच्या फोनपर्यंत पोचलंच नाही, पण तेवढ्यात म्हाताऱ्याच्या पडद्यावर मास्तरांचा रिपोर्ट गेला होता. तो फक्कड रिपोर्ट, वर म्हाताऱ्याचं नाव. नंतर तो माणूस पुन्हा लॉगिन झालाच नव्हता. चांगला रिपोर्ट कोण दुसऱ्यांदा बघतो?

बाई मॅनेजरांच्या खोलीत गेल्या आणि काय झालं ते सांगितलं. मॅनेजरांनी आधी दार लावून घेतलं.

"दुरुस्त केलंत ना?"

"केलं."

"मग झालं तर. आता उगाच आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्यांना कळायला हवं. रिपोर्ट वाईट आहे."

"डॉक्टर बघतीलच की."

"डॉक्टरकडे जाणारच नाहीत ते. त्यांच्या लेखी ते ठणठणीत आहेत. पूर्वी असा रिपोर्ट आला की आपण फोन करायचो. वेबसाइट आल्यावर तुम्हीच तो बंद केलात."

"मी बंद केला, आणि चूक कुणाची? तुमची! उद्या त्याने कोर्टात खेचलं तर नोकरी कुणाची जाईल?"

"माझी," बाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या. भीती वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. बधिरपणाचा तेवढा एक फायदा असतो.

म्हाताऱ्याच्या नंबरावर त्यांनी लावलेला फोन त्याच्या मुलीने उचलला. लॅबचं नाव ऐकताच तिचा आवाज खुलला.

"अय्या, तुमचे तर आभारच मानायचे होते! बाबांना चालताना दम लागत होता, मीच हट्टाने तपासणी करायला लावली. सगळं नॉर्मल निघालं. कालपासून ऐकवतात, बघ, उगाच जीव खाल्लास माझा. तुम्हीच सांगा त्यांना, तपासणी करून घेतली ते बरंच केलं म्हणून. थांबा हं... बाबा! ओ बाबा! फोन!"

लांबून कुणीतरी म्हणालं, "आलो, आलो, ओरडतेस काय?"

कॉम्प्युटरबाईंना काहीतरी वाटलं. तो हेवा होता. हिला हाक मारायला बाप होता, आणि तो ओ देत होता. इतक्या महिन्यांनी काही वाटलं ते हे असलं, याची त्यांना किळस आली.

"बोला, कोण?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काका, मी लॅबमधून बोलतेय. तुम्ही बघितलात तो रिपोर्ट तुमचा नव्हता. नाव तुमचं होतं, आकडे दुसऱ्याचे. माझ्या हातून चूक झालीये."

"हात्तिच्या! मग माझा कसा आहे?"

रिपोर्ट समोरच्या पडद्यावर उघडा होता. "ते डॉक्टर सांगतील काका. आजच या. आणि एकटे येऊ नका."

तिकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"असं होय," म्हातारा म्हणाला. मग आवाज खाली आणून, "हे बघा, पोरीला काही बोलू नका. उगाच हाय खाईल. मी येतो सवडीने, आज-उद्या."

"काका, ताईंना फोन द्या."

"अहो, तिला कशाला—"

"द्या म्हणते ना फोन!"

बाईंचा आवाज पॅसेजपर्यंत गेला. पावतीताई दारात येऊन उभी राहिली. फोनवर मुलगी आली, आणि बाईंनी तिला आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. चूक काय, कुणाची, रिपोर्ट कुणाचा, आजच का यायचं.

"म्हणजे कालपासून आम्ही दुसऱ्याच्या रिपोर्टवर हसत होतो?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "माणसांच्या जिवाशी खेळता तुम्ही? लाज नाही वाटत?"

"वाटते," बाई म्हणाल्या. वाटत होती. कानापर्यंत चढली होती.

मग मुलीने विचारलं, "कुठे यायचं?"

"मागच्या दाराने या. पुढे रांग असते. मी दारातच असेन."

लॅबच्या डॉक्टरांना सांगून बाई मागच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तिथे कचऱ्याचे डबे होते, एक मोडकी खुर्ची होती. बऱ्याच वेळाने टॅक्सी आली. आधी मुलगी उतरली. तिने पलीकडे जाऊन बापाचं कोपर धरलं. त्याने झटकलं.

"चालतोय की मी. सोड."

मुलीने सोडलं नाही. तसेच दोघं, भांडत, एकमेकांना धरून, दारापर्यंत आले. बाईंनी दार धरून ठेवलं होतं. 'या' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी जे इतके महिने येत नव्हतं ते आलं. पदराला, रुमालाला, कशाला म्हणून आवरेना. दाराचा कडी-कोयंडा धरून त्या हमसून हमसून रडायला लागल्या.

म्हातारा जागच्या जागी थांबला. त्याने मुलीकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"एवढा वाईट आहे का हो?"

"नाही काका," बाईंनी कशीबशी मान हलवली. "हे तुमचं नाही. हे माझं आहे."