टायगर त्या दिवशी भुंकला नाही

देवचाराला फेणीऐवजी गंगाजल पाजणारा आख्ख्या पेडणे तालुक्यात मी एकटाच असेन. फडताळात दोन बाटल्या शेजारी-शेजारी होत्या... घाईत चुकीची उचलली. असल्या गोष्टी मी मानतच नव्हतो. मानणाऱ्याने निदान वास घेऊन पाहिला असता.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. आम्ही कोरगावात राहायचो, मी पेडण्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात. आमचा कुत्रा टायगर स्कूटरच्या फळीवर, माझ्या पायांमध्ये उभा राहून रोज दुकानात यायचा. कोकणी की मराठी यावरून तेव्हा घराघरांत भांडणं. टायगरला दोन्ही कळायच्या — ऐकायचा मात्र कुठल्याच भाषेत नाही.

एका सकाळी वळणावर मित्र भेटला आणि भाषेचा विषय निघाला. एरवी थांबलो की माझा एक हात टायगरच्या पट्ट्यावर असायचा. त्या दिवशी दोन्ही हात मुद्दे मांडण्यात गुंतलेले. टायगर खाली उतरला... चिऱ्यांचा ट्रक आला. मी माझं वाक्य पूर्ण करत होतो. कुठलं वाक्य, ते आज आठवतही नाही.

त्यानंतर मी बसने जाऊ लागलो. स्कूटर गोठ्यात धूळ खात. जेवणावरून अर्धवट उठायचो. शेवटी बायको म्हणाली, "देवचाराकडे गाऱ्हाणा घाला. माणसांका सांगान तुमचा मन हलका होयना. आणि स्कूटर घेऊन जावा."

देवचार म्हणजे आमच्या शिवेचा राखणदार. त्याला रोट, विडी आणि फेणी लागते. सांजेच्या उन्हात स्कूटर ढकलत तिथवर नेली. "मुक्या जिवाची हयगय माझ्या हातून झाली, त्येका बऱ्या जाग्यार ठेव रे म्हाराजा!" गाऱ्हाण्याला साथ देत 'व्हय म्हाराजा' म्हणायला दुसरं कोणी नव्हतं, तेही मीच म्हटलं. मग बाटली ओतली — वासच नाही! कान पकडले, आणि लाजेने स्कूटरला किक मारून निघालो.

थोडं पुढे आलो आणि उजव्या पोटरीला काहीतरी ऊबदार टेकलं. वजनासकट. मी खाली पाहिलं नाही... पाहिलं तर जाईल असं वाटलं.

समोरून पाववाला पोदेर सायकलवर आला. महिनाभर तो त्याच्या गावी होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"पात्रांव, आयज तुजो टायगर म्हजेर भुंकलो ना मरे!"

"खंय आसा तो?"

"तुज्या पांयांत! शेंपडी हालयता पळय!" असं म्हणत, हसत तो पुढे गेलासुद्धा.

तेव्हा मी खाली पाहिलं. फळी रिकामी होती.

पोदेरला सवयीने भास झाला असेल. मग माझ्या पोटरीचं काय? इतकी वर्षं झाली, उत्तर सापडलेलं नाही. पण ज्याने कोणी हे केलं, त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

बायकोला सगळं सांगितलं, गंगाजलासकट. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ती ताट उचलता उचलता म्हणाली, "उद्यापासून बाजाराची पिशवी मागे बांधा हां. त्येका उभा रवाक जागा नको?"