सिस्टरांचा बोलायचा दवाखाना

आमच्या गल्लीतल्या सिस्टरांनी ज्याला एकदा तरी रडवलं नाही, असा चाळिशीच्या आतला माणूस वसमत तालुक्यात सापडणं अवघड आहे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी गावोगाव लेकरांना लस टोचण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर हातातली सुई गेली, पण दंड बघायची सवय गेली नाही. एकदा लग्नात वरणाची बादली घेऊन वाढायला आलेल्या एका मिशाळ गड्याची बाही त्यांनी भर पंगतीत वर सरकवली, लशीचा जुना डाग निरखला आणि शेजारणीला अभिमानानं म्हणाल्या, "बघा, ही माझी सही हाय!" गडी बादलीसकट लाजला.

या बाई आमच्या वक्तृत्व मंडळात आल्या त्या माझ्यामुळे. मी शाळेत मराठी शिकवतो आणि मंडळाचा अध्यक्ष आहे. रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात जमायचं, एकेकानं उभं राहून चार शब्द बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, एवढंच आमचं काम. पण ऐकायला माणसंच नव्हती. सभासद पाच, आणि त्यातले एक तर फक्त पंख्याखाली बसायला येत. शेवटी वाचनालयाच्या कार्यवाहांनी बजावलं, की महिन्याभरात खुर्च्या भरल्या नाहीत तर सभागृह मेंदीच्या क्लासला जाईल. मी घाबरून रंगीत पत्रकं छापली आणि एक सिस्टरांच्या दारात टाकलं. संध्याकाळी त्या ते पत्रक घेऊन हजर.

"जय भीम, सर. हे काय हाय?"

मी सांगितलं, की लोकांना चारचौघांत बोलायची भीती वाटते, ती आम्ही घालवतो.

"म्हंजे बोलायचा दवाखाना. मग कागद काहून वाटून राहिले? कागद वाचून कुणी सुई टोचून घ्यायला येत असतं का? घरी जावं लागतं. माय लेकरू घेऊन शेतात पळाली तर शेतात जावं लागतं!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक वही आखली. नाव, गाव, पहिला डोस, दुसरा डोस, बूस्टर. एक भाषण म्हणजे एक डोस. ही वही काखेत मारून त्या तालुका पालथा घालू लागल्या. कुरुंद्याच्या एका हळदीच्या व्यापाऱ्यानं सांगितलं, की सीझन आहे, वेळ नाही. "तुझी माय पण हेच म्हणली होती," सिस्टर म्हणाल्या, "दंडावर माझी सही हाय, लेकरा. रविवारी नऊला." व्यापारी पावणेनऊलाच येऊन बसला. वारंगा फाट्यावर एसटीत दोन माणसं खिडकीच्या जागेवरून हमरीतुमरीवर आली होती. सगळे भांडण सोडवत होते तेव्हा सिस्टर त्यांची नावं लिहून घेत होत्या. "दोघं बी लय छान बोलून राहिलात. हेच रविवारी उभं राहून बोलायचं." दोघं आले, दोन टोकांना बसले, आणि पहिल्यानं आपल्या भाषणाचा विषय जाहीर केला, 'दुसऱ्याचे दोष'. दुसऱ्याला आभारप्रदर्शन दिल्यामुळे तो रविवार फार लांबला.

सभेत सिस्टर नवख्याच्या शेजारी उभ्या राहून त्याची नाडी धरत. वक्ता 'आदरणीय व्यासपीठ' म्हणतो न म्हणतो तोच त्या मध्येच जाहीर करत, "थांबा, लय जोरात पळून राहिली. पाणी पाजा!" मी एकदा हळूच म्हणालो, की यानं वक्त्याचा ओघ तुटतो. त्यांनी माझी नाडी बघितली आणि मलाही पाणी पाजलं. महिना भरायच्या आत खुर्च्या कमी पडल्या. सभागृह बघायला आलेल्या मेंदीच्या क्लासवाल्या बाईंचंही नाव वहीत चढलं, आणि मोजदाद करायला आलेले कार्यवाह स्वतःच माईक सोडेनात.

फक्त एका माणसाला त्यांनी कधी उठवलं नाही. हट्टा गावचे एक शेतकरी होते. सिस्टर त्यांना स्वतः जाऊन घेऊन यायच्या. ते शेवटच्या खुर्चीत टोपी मांडीवर ठेवून बसायचे आणि न बोलता जायचे. असे सहा रविवार गेले. मी विचारलं, "यांचा डोस कधी?"

"ताप उतरल्याबिगर लस देत न्हाईत, सर. बसू द्या."

सातव्या रविवारी ते आपणहून उठले. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग म्हणाले, "मला दोन म्हशी हायेत. एक मारते." आणि बसले. सभागृहात हशा आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. त्या गडबडीत सिस्टर खिडकीकडे तोंड करून पदरानं डोळे पुसत होत्या. मी पाहिलं, तर मलाच दटावलं, "धूळ किती हाय इथं! झाडून घेत न्हाईत का?"

या उन्हाळ्यात मुलानं त्यांना पुण्याला नेलं. परवा त्यांचा फोन आला होता. "इथं लिफ्टमदी कुणीच कुणाशी बोलून न्हाई राहिलं, सर. सातव्या मजल्यावरच्या म्हातारीपासून सुरुवात केली हाय." मला हसू आलं. इकडे मात्र सभा हळूहळू विरळ होऊ लागली होती. हट्ट्याचे शेतकरी यायचे बंद झाले, तेव्हा मी एका रविवारी लवकर निघून त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्या मागं वाकून रस्त्याकडे बघितलं.

"सिस्टर न्हाई आल्या?"

त्या पुण्याला गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "आमाला त्या बोलवाया यायच्या. तुमाला बोलवाया कोण येतं, सर?"

इतकी वर्षं मी लोकांना बोलायला शिकवतो आहे, पण तेव्हा मी नुसतं गाडीकडे बोट दाखवलं. ते आत जाऊन सदरा बदलून आले आणि माझ्या गाडीवर मागं बसले.