दिलीपभाऊंची पिशवी

परवा सकाळी दिलीपभाऊ घरच्या बाथरूममध्ये मरून पडलेले सापडले.

सगळ्यात आधी संशय मला आला. वाटलं, पुन्हा नशेची सुई घेतली.

वाचून राग येईल. येऊ द्या. पण शेवटपर्यंत वाचा.

आमचे हे गेल्यावर सेक्टर 2 मधलं कंपनीचं क्वार्टर सुटलं आणि मला कोहक्यातल्या एका नशामुक्ती केंद्रात गेटवर नोकरी लागली. भेटायला येणाऱ्यांचं सामान तपासायचं, एवढंच काम.

नशा म्हणजे दारू, इतकंच मला माहीत. शिक्षण आठवीपर्यंतचं. म्हणून केंद्राच्या कपाटातली पुस्तकं घरी नेऊन वाचली. डोळ्यांची बाहुली बारीक होते. माणूस उन्हाळ्यातही फुल बाह्या घालतो. बाथरूममध्ये फार वेळ लावतो.

आणि लगेच एकाला पकडलंही. भर मे महिन्यात फुल शर्ट. हात धुताना बाही वर केली, तर सुयांचे डाग.

केंद्राच्या सरांना जाऊन सांगितलं, "हा माणूस नशा करतो."

सर हसले. "करत होता. म्हणूनच कौन्सेलर ठेवलाय."

दुपारी तोच माणूस, म्हणजे दिलीपभाऊ, स्वतःच गेटवर आले. मला वाटलं, आता भांडतील.

"ताई, नजर भारी हाय तुमची. आजपासून रोज मले तपासत जा."

"कावून?" माझ्याही तोंडून घरची बोली निघाली.

"विश्वास ठेवणारे लई भेटले मले. मायनं ठेवला, बायकोनं ठेवला. तुमी नका ठेवू."

मी नाही ठेवला.

रोज त्यांची पिशवी उलटी करायची. चपला झटकायच्या. डबा उघडून पोळीची घडी उलगडायची.

ते उभ्या उभ्या टोमणे मारायचे. "भाजीतला आलूबी फोडा, ताई. मायनं आत काय भरलं, देव जाणे."

मी खरंच फोडायची.

"काही निघालं?"

"नाही. जा."

हा आमचा रोजचा संवाद.

एकदा एक आई मुलासाठी लाडू घेऊन आली. मी सगळे फोडले. ती रडली, मला शिव्या दिल्या. दिलीपभाऊ तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "माँजी, मेरा डब्बा भी ये रोज़ फोड़ती है. देखो, ज़िंदा हूँ."

परवा डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितला. पण डॉक्टरचा कागद त्यांच्या वस्तीत, कॅम्प-1 मध्ये, कोण वाचतो? मयतीच्या गर्दीत माझ्या मागेच कोणीतरी बोललं, "फिर चालू कर दिया होगा."

मलाही तेच वाटत होतं.

आज त्यांच्या घरी गेले. त्यांच्या आईला म्हटलं, "मावशी, मला बाथरूम पाहायचंय. त्यांची पिशवी पण."

म्हातारीनं उठून स्वतःच दार उघडलं.

मी सगळं पाहिलं. बादलीखाली. खिडकीच्या फटीत. साबणाच्या डबीत. खुंटीवरच्या शर्टाचे खिसे, बाह्यांच्या घड्या. चपला झटकल्या.

पिशवीत केंद्राच्या किल्ल्या निघाल्या, थोडी विलायची, आणि परवाचा भरलेला डबा. कामावर निघायच्या तयारीत होते.

पोळ्या वाळल्या होत्या. मी घडी उलगडली.

भाजी आंबली होती. मी आलू फोडला.

मावशी दारात उभ्या होत्या. "पाह्यलं ना, बाई?"

"पाहिलं."

"मंग आता बाहेर जाऊन सांग. माह्यं कोणी ऐकत नाही. माय त लेकाचंच सांगते, म्हणतेत."

म्हणून सांगते आहे. मी त्यांची कोणी नव्हते. त्यांच्यावर संशय घ्यायचा मला पगार मिळत होता, आणि मी संशय चोख घेतला, ते गेल्यावरही. काही निघालं असतं, तर आज मी काही लिहिलंच नसतं.

कॅम्प-1 मधल्या ज्यांना अजून शंका आहे, त्यांनी गेटवर यावं. मला विचारावं.

माझी श्रद्धांजली एवढीच.

दिलीपभाऊ, सगळं पाहिलं.

काही निघालं नाही.

जा.