शार्प माणसाला काय सांगायचं

मला पहिल्यांदा शार्प म्हटलं ते रेल्वेतल्या एका साहेबाने. लकडगंजातल्या एका आरा मशीनवर मी तेव्हा करवतींना धार लावायचो. साहेब घराच्या दारांसाठी सागवान घ्यायला आला होता. मालक जेवायला गेलेला, म्हणून सौदा मीच केला. साहेब दोनदा पाठ फिरवून निघाला आणि दोनदा परत आला. शेवटी मी म्हणेन त्या भावात माल उचलला आणि जाताना म्हणाला, "शार्प मॅन!" मी सातवी शिकलेला. शिवी दिली असं समजून मी त्याच्या मागे धावणार, तेवढ्यात मशीनवरच्या मिस्त्रींनी माझी बंडी पकडली.

"अबे, तारीफ करून राहिला तो. शार्प म्हणजे धार हाय तुले."

मिस्त्री माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. कानस कशी धरायची, करवतीचा एक दात डावीकडे आणि दुसरा उजवीकडे कसा वळवायचा, हे त्यांनीच मला शिकवलं. नुसती धार असली आणि दात वळवलेले नसले तर करवत लाकडातच अडकून बसते. हे काम हातात बसायला मला दोन वर्षं लागली. तो शब्द मात्र मी त्याच दिवशी उचलला. गावातून एक पिशवी घेऊन आलेल्या माणसाला कोणी इंग्रजीत नावाजलं, तर तो ते नावाजणं खाली ठेवत नाही.

लग्नात मीच तो शब्द सासरी पोचवला. सासर नरखेड तालुक्यातलं, संत्र्या-मोसंबीचं. बायकोचा थोरला भाऊ मॅट्रिक झालेला. मांडवात त्याने सगळ्यांना अर्थ समजावून सांगितला, "आपले जावईबापू शार्प हायेत. शार्प म्हणजे धारदार." त्याची एक म्हातारी आत्या होती. ती म्हणाली, "मंग याच्या जवळ कसं बसाव बाप्पा? पोरीले सांगा, जपून ऱ्हाय वं." मांडव हसला. मीही हसलो.

पुढे दहा वर्षांत मी स्वतःची मशीन टाकली. संत्र्याच्या पेट्यांना लागणाऱ्या फळ्या आम्ही कापायचो. मिस्त्री जुन्या मालकाला सोडून माझ्याकडे आले. बाकीचे कामगार मला शेठ म्हणत. मिस्त्री मात्र "काय गा" म्हणूनच हाक मारत आणि ते मला चालत असे. माझा राग बाजारभर माहीत होता. मी तराजू फेकलेला आहे, गिऱ्हाइकाचा चहा नालीत ओतलेला आहे. मिस्त्रींवर मात्र आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

पेट्यांना आंब्याचं लाकूड लागतं. त्या वर्षी माल मिळत नव्हता. सासऱ्यांच्या शेतात, विहिरीच्या काठावर एक जुना आंबा होता. सासरे वारले होते आणि शेत साळ्याकडे, बायकोच्या त्या मॅट्रिक भावाकडे होतं. मी एस.टी.ने गेलो. पाहुणचार झाला, मोसंबी सोलून पुढे आली. मग आम्ही विहिरीकडे गेलो.

उभं झाड घेताना आमच्याकडे एक रीत असते. सौदा ठरला की विकणारा बुंध्यावर हात ठेवून झाडाभोवती एक फेरी मारतो आणि आतलं जे असेल ते सांगतो. इथे वीज पडली होती, इथे पोकळ आहे, इथे खिळा आहे. घेणारा न चुकता विचारतो, लोखंड आहे का? कारण मशीनचा पट्टा, म्हणजे चाकांवर फिरणारं दातांचं पातं, लाकडासाठी बनवलेला असतो, आणि जितकी धार बारीक तितकी ती लोखंडावर लवकर जाते. धार जाणं तर सोडाच, पट्टा तुटून उडाला तर समोर कोण उभा आहे हे तो पाहत नाही.

साळ्याने भाव सांगितला. भाव वाजवी होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पहिल्या भावाला हो म्हणणं माझ्या अंगात नाही. मी कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, बुंध्यावर ठोकला, कान लावला, विहिरीकडच्या बाजूला हात फिरवला आणि मान हलवली.

"याच्या पोटात खराबी हाय, भाऊ."

खराबी काहीच नव्हती. आवाज भरीव आला होता. हे वाक्य मी त्याआधी पन्नास झाडांखाली बोललो असेन. विकणारा चिडतो, वाद घालतो, मग दोघं मध्ये कुठेतरी भेटतात. साळा चिडला नाही. तो खाली पाहत राहिला.

"दिसलं तुमाले?"

"न दिसाले काय झालं?"

"हाव जी. तुमी शार्प माणूस, तुमाले काय सांगाव?"

त्याने भाव निम्म्यावर आणला. मला आश्चर्य वाटलं, पण त्याहून जास्त आनंद झाला. त्याने फेरी मारली नाही आणि मीही विचारलं नाही. कारण खराबी मला दिसली असं मीच बोललो होतो. आता कोणती खराबी म्हणून विचारलं असतं, तर माझं पितळ तिथेच उघडं पडलं असतं. त्याचं मन बदलायच्या आत दुसऱ्याच दिवशी मी झाड पाडलं.

ओंडका मशीनवर चढवायच्या आधी मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "लोखंड गिखंड नाही ना गा?"

"घरचं झाड हाय, मिस्त्री."

"विचारलं ना पण?"

"हाव, विचारलं."

पुढचं मी थोडक्यात सांगतो. तिसऱ्या फळीला मशीनचा आवाज बदलला. तसा आवाज मी त्यानंतर कधी ऐकलेला नाही. पट्टा तुटला आणि मिस्त्रींच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. सरकारी दवाखान्यात नेताना रिक्षात त्यांचा हात मी माझ्या धोतरात गुंडाळून धरला होता. ते एकच विचारत होते, "अंगठा हाय का?" अंगठा होता.

ओंडका मी नंतर कुऱ्हाडीने फोडला. आत बोटाएवढ्या जाडीचा लोखंडी आकडा होता. सालीने तो पूर्ण गिळला होता. घरी येऊन तो बायकोपुढे टाकला. तिने ओळखला.

"बाबांनी ठोकला होता. विहिरीतून पंप वर ओढाचा दोर बांधाले. मी लहान होती तवा."

"तुले ठाऊक होतं?"

"हाव."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी मले कुठं विचारलं? झाड घेतलं हे मले झाड पडल्यावर समजलं."

तिने वाढलेलं ताट मी भिंतीवर मारलं. ती भात गोळा करत म्हणाली, "तुमाले कोनी काही सांगत नाही. सांगतलं त म्हनता, मले ठाऊक हाय."

त्या दिवसापासून माझ्या मनात साळ्याविषयी जे बसलं, ते मी सहा महिने वाढवलं. चहाच्या टपरीवर, मशीनवर, मिस्त्रींच्या खाटेजवळ बसून मी हेच सांगायचो की साळ्याने दगा दिला. भाव पाडल्याचा डूख धरला आणि जाणून गप्प बसला. मिस्त्री नंदनवन वस्तीतल्या मुलीकडे राहायला गेले होते. त्यांच्यासमोर हे बोललो की मला बरं वाटायचं. ते ऐकत आणि उरलेल्या बोटांनी गोधडीचा दोरा ओढत बसत. एकदा म्हणाले, "त्याले विचार त खरं. मले समजाले पायजे, मानसानं असं केलं कसं?"

म्हणून मी नरखेडला गेलो. आकडा बरोबर नेला आणि ओसरीवर त्याच्यापुढे आपटला. "हे ठाऊक होतं का नाही?"

"होतं," साळा म्हणाला.

मी त्याची कॉलर धरली. त्याची बायको धावत आली. त्याने तिला हातानेच थांबवलं आणि माझा हात तसाच कॉलरवर राहू दिला.

"भाऊजी, तुमीच त म्हनलं पोटात खराबी हाय. हात बी तुमी त्याच जाग्यावर ठेवला. मले वाटलं, आकडा तुमाले दिसला. म्हनूनच भाव पाडून राहिले. मी काय बोलू? मले त शरम वाटली, का जावयाले खराब झाड इकून राहिलो. म्हनून निम्म्यावर आलो."

मी कॉलर सोडली. वाद घालायला कुठेतरी पाय टेकायला जागा लागते. मी बुंध्याच्या त्या बाजूला हात का फिरवला होता? सावली तिकडे होती म्हणून. त्याने फेरी मारली असती, एकदा तोंडाने आकडा म्हटलं असतं, तर मिस्त्रींची बोटं राहिली असती. हे मी त्याला म्हटलंही. तो म्हणाला, "हाव, म्हनाले पायजे होतं." एवढं कबूल केल्यावर माझ्या हातात काहीच उरलं नाही, आणि त्याचाही मला राग आला. तो राग अजून आहे. शहाण्या माणसाने समोरच्याला इतकं शहाणं समजू नये.

परतीच्या एस.टी.त मी मिस्त्रींना काय सांगायचं ते जुळवत होतो. खरं सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. खराबी आहे ही मारलेली थाप, आणि 'विचारलं' म्हणून मिस्त्रींना दिलेला शब्द. पहिली थाप मी सांगूही शकलो असतो. त्यावर ते हसलेही असते, माझे सौदे त्यांनी पाहिले होते. दुसरी मात्र त्यांनी दोनदा विचारल्यावर मारलेली होती.

नंदनवनात पोचलो तेव्हा ते अंगणात बसले होते. "काय म्हने?"

"ठाऊक होतं म्हने."

एवढंच बोललो. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मिस्त्रींनी मान खाली घातली. आयुष्यात कोणाला शिवी न दिलेल्या त्या माणसाने माझ्या साळ्याला शिवी दिली, आणि मी ती ऐकून घेतली.

पुढच्या हंगामात मिस्त्री मशीनवर परत आले. ओंडका ढकलणं जमत नव्हतं, म्हणून माल मोजून घ्यायचं काम मी त्यांना दिलं. एका सकाळी फाटकातून साळा आत आला. हातात मोसंबीची पिशवी होती. तो माझ्याकडे आलाच नाही. सरळ मिस्त्रींसमोर जाऊन उभा राहिला.

"मिस्त्री, हात कसा हाय आता?"

मिस्त्रींनी फळ्या मोजणं थांबवलं नाही. साळ्याने पिशवी पुढे केली. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने ती बाजूला सारली. "इकडं नको आणू. ठाऊक असून गप्प बसला तू."

साळ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तो चिडलेला नव्हता. आता मी काहीतरी बोलेन आणि मिस्त्रींना सगळं समजावून सांगेन, असंच त्याला वाटत होतं. मी ते आधीच सांगितलं असेल, अशा समजुतीनेच तो आला होता. मशीन चालू नव्हती. आवाजात ऐकू आलं नाही, असंही मला म्हणता आलं नसतं. मिस्त्रीही मोजता मोजता थांबले होते.

"भाऊ," मी म्हणालो, "औंदा पेट्या किती लागतीन?"

त्याने पिशवी मागे घेतली. मग त्याने आकडा सांगितला. मी भाव सांगितला आणि त्याने तो न पाडता मान्य केला.