सोनेरी पत्रिकेवर बाबांचं बोट

मंडळी, आज भर उन्हाळ्यात आमच्या घरी पंखा बंद, कूलर बंद. लेकीच्या लग्नाच्या पत्रिका घरीच बनवणं सुरू आहे ना! चिकट शाईचा शिक्का मारायचा, त्यावर सोनेरी पावडर टाकायची, जास्तीची झटकायची आणि हीट गनची गरम हवा द्यायची. पावडर वितळते अन् नावं चकाकत वर येतात. पण पंखा लावला की पावडर आमच्या अख्ख्या नालवाडीभर!

दुपारी अल्लीपूरहून माझे बाबा आले. नुकताच शिक्का मारलेली पत्रिका त्यांनी उचलली आणि सरळ कोपऱ्याला ओल्या हळदीचं बोट लावलं.

"आबाजी, खराब झाली ना!" लेक ओरडली.

"काऊन चिल्लावून राह्यली? बिना हळदीची पत्रिका कोणी देते काय?"

मला माझं लग्न आठवलं. छापखान्यातून पत्रिका आल्या तेव्हा बाबा असेच हळदीची वाटी घेऊन बसले होते. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. त्यांचं बोट कितीतरी दिवस पिवळं होतं.

लेकीनं रागारागातच पावडर टाकली, हवा दिली. ओल्या हळदीलाही पावडर चिकटली होती. नावांसोबत बाबांच्या बोटाचा ठसा वर आला, एकूण एक रेष सोनेरी.

मग लेकीनं अख्खा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. "आबाजी, आता साऱ्याच पत्रिकांले लावा."

माझ्या पत्रिकेवरची हळद केव्हाच उडून गेली. हिच्या पत्रिकेवरून बोट फिरवलं की मात्र बाबा हाताला लागतात.

तुमच्या पत्रिकेला हळद कोणी लावली होती?