परुळेकर सरांची तहकूब सभा

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा सकाळी दहाला असे आणि दहाला खाली पाच माणसं असत. कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब व्हायची आणि साडेदहाला जे हजर असतील त्यांच्यातच पार पडायची. नियमच तसा आहे. त्या अर्ध्या तासात बाकीचे चौघे चहा पीत. परुळेकर सर मात्र चार मजले चढून प्रत्येक दाराची बेल वाजवत. वय बहात्तर, गुडघे दुखरे. दार उघडलं की एकच वाक्य : "खाली चला, तिकडे तुमचं राज्य जातंय." लोक हसत, आंघोळ व्हायचीय म्हणत आणि दार लावून घेत. सर पुढची बेल दाबत.

मुलुंडच्या याच इमारतीत मी वाढलो आणि कॉलेजात इतिहास शिकवायलाही परुळेकर सरच होते, म्हणजे माझी सुटका कुठेच नव्हती. सरांचे वडील गिरणी कामगार, मूळ गाव मालवणकडचं. सर वर्गात छापील मराठी बोलत, पण चिडले की थेट मालवणीत उतरत. युरोपातल्या अनियंत्रित राजेशाहीचा धडा हा त्यांचा जीव की प्राण. पुस्तकात कारणं क्रमांक घालून दिलेली होती : सरंजामदार दुबळे झाले, खडं सैन्य आलं, व्यापाऱ्यांचा पाठिंबा मिळाला. सर ती फळ्यावर लिहीत आणि लगेच पुसून टाकत. "हे परीक्षेसाठी. आता खरं कारण ऐका. लोक कंटाळले. धर्मावरून माणसं कापून झाली, सरदार एकमेकांत लढून झाले. इतकं झालं की माणूस म्हणतो, द्या सगळं एकाच्या हातात आणि मला झोपू द्या."

मागच्या बाकावर आम्ही खरोखरच झोपलेले असायचो. सरांचं त्याला काही म्हणणं नसे. "झोपा, झोपा," म्हणायचे, "राजे असेच तयार होतात."

पुढे मी अंधेरीला नोकरीला लागलो, लग्न झालं, आईवडिलांची जागा माझ्याकडे आली. त्या काळात सोसायटीत दोन पार्ट्या पडल्या होत्या. पार्किंगवरून एकदा हातघाईवर आलं, पाण्याची टाकी वर्षभर गळत राहिली, आणि एक सेक्रेटरी राजीनामा पंख्याखालच्या टेबलावर ठेवून गेला तो परत फिरकलाच नाही. कोणी ते काम अंगावर घेईना. तेव्हा सरांनीच सभेत उभं राहून माझं नाव सुचवलं. इतिवृत्तात आजही आहे : सूचक, श्री. परुळेकर. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि टाळ्या वाजवल्या.

खोटा विनय कशाला करू? मी काम झकास केलं. टाकी दुरुस्त झाली, लिफ्ट नवी आली, पार्किंगचे पट्टे आखले. भांडणं थांबली. आणि भांडणं थांबावीत म्हणून मी एक सोय केली, सभा घेणंच बंद केलं. इतिवृत्त मी घरी बसून आधीच लिहायचो, वॉचमन ते रजिस्टर घेऊन घरोघर जायचा आणि लोक दारातच त्याखाली हजेरीची सही करायचे. न झालेल्या सभेला चाळीसपैकी एकोणचाळीस घरं हजर. मागे चार मजले चढूनही सरांना दहा माणसं खाली आणता आली नव्हती. लोकांनी मला ग्रुपवर अंगठे पाठवले, हात जोडले. सही नव्हती ती फक्त सरांची.

"सर, सगळे खूश आहेत," मी म्हणालो.

"तेच तर." सर चष्मा पुसत होते. "फ्रान्सच्या राजांनी पावणेदोनशे वर्षं प्रतिनिधींची सभा बोलावली नाही. तुला काय वाटतं, लोक रोज रडत होते? अरे, आठवणसुद्धा होत नव्हती कोणाला."

मी मनात म्हटलं, म्हातारा माणूस आहे, जुना धडा घोकतोय. चिडलोही थोडासा. रात्रंदिवस राबायचं आपण आणि हे चष्मा पुसत फ्रान्स सांगणार.

एका रविवारी सकाळी ते घरी आले तेव्हा माझी दाढी चालली होती. हॉलमध्ये तिघे जण थांबले होते. एकाच्या बाथरूमची गळती होती, एकाला भाडेकरू ठेवायचा होता, आणि तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी कशासाठी आले होते ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. सर माझ्या कानाशी आले. "स्वतःला सूर्य म्हणवणारा एक राजा होता. सकाळी त्याला सदरा कोणी द्यायचा यावरून सरदारांत चढाओढ लागायची. तुझा टॉवेल कोणाच्या हातात आहे बघ." टॉवेल कुलकर्ण्यांच्या हातात होता. आम्ही दोघंही हसलो. मी जरा कमी हसलो.

मग मागच्या गेटचं प्रकरण झालं. आवारातून एक स्कूटर चोरीला गेली, म्हणून मी बाजाराच्या गल्लीत उघडणारं मागचं गेट कायमचं बंद करून टाकलं. त्या वर्षीच्या इतिवृत्तात तो ठराव नववा होता, सर्वानुमते मंजूर. तळमजल्यावर सावंत काकू एकट्या राहतात. पायाने अधू. त्यांचा दवाखाना आणि भाजीवाली मागच्या गल्लीत, गेटमधून चाळीस पावलांवर. आता त्यांना पुढून मुख्य रस्त्याने सगळा वळसा घालावा लागे, रिक्षा एवढ्याशा अंतराला यायला तयार नसत. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लक्षात यायला विचारावं लागतं.

सर रजिस्टर घेऊन आले आणि नवव्या ठरावाच्या पानावर बोट ठेवून उभे राहिले. खाली काकूंची सही होती, वळणदार, दोनदा गिरवलेली.

"मी तिला विचारलं, गो, वाचलंस काय? तर म्हणाली, मिलिंदान लिवल्यान म्हणजे बरोबरच असतलां." सरांचा आवाज चढला. "त्या बाईन सोताच्या वाटेर सोताच सही केल्यान. तुका राजा व्हायचा आसा काय रे?"

"सर, मी काय वाईट केलंय? चोरी थांबली."

ते खुर्चीत बसले आणि पुन्हा छापील मराठीत आले. "तू वाईट नाहीस रे, हीच पंचाईत आहे. वाईट माणसाला आपण हाकलून तरी देतो. जन्मभर हा धडा शिकवला आणि सूचक म्हणून सही माझीच. मिलिंद, एक सभा घे. खरी. गेट बंद ठेवायचं तर ठेवा, पण तिच्यासमोर ठरवा."

"पुन्हा भांडणं होतील."

"होऊ देत."

पुढच्या महिन्यात घेतो म्हणालो. "तारीख सांग," ते म्हणाले. मी सांगितली नाही. मग त्यांनी विशेष सभेचा अर्ज लिहिला. त्यासाठी आठ सभासदांच्या सह्या लागतात. सर पुन्हा मजले चढू लागले. लोक त्यांना पाणी देत, बसवून घेत, पण सही म्हटलं की कोणाची गळती माझ्याकडे अडकलेली असे, कोणाचा भाडेकरू. महिन्याभरात तीन सह्या झाल्या. हे सगळं मला कळत होतं, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटत होतं. त्याची लाज आजही जात नाही.

चौथ्या सहीसाठी निघताना दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात ते खाली बसले ते उठलेच नाहीत. मी अंधेरीला ऑफिसात होतो. घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

शोकसभा आवारातच ठेवली. कोणाची बेल वाजवावी लागली नाही. चाळीसही घरं खाली आली, खुर्च्या कमी पडल्या. मी घरून शोकप्रस्ताव लिहून आणला होता, शेवटी सर्वानुमते मंजूर असंही घालून. वाचायला उभा राहिलो आणि समोर पाहिलं. इतकी माणसं मी सेक्रेटरी झाल्यापासून एका जागी पाहिली नव्हती. प्रस्ताव वाचला, शेवटच्या ओळीशी अडलो. मग कसंबसं विचारलं, "कोणाला काही बोलायचंय का?"

सावंत काकूंनी हात वर केला. दोघांनी धरून त्यांना उभं केलं.

"माका बोलूचा आसा. मास्तर माझ्यासाठी जिने चढत होते. गेट उघडा म्हणान मी सांगणय नाय. तां मागसून बघा. पण माका आधी इचारा."

"काकू, आज नको हा विषय," कुलकर्णी म्हणाले. मागून कोणीतरी म्हणालं, आजच हवा. मग एकदम सगळेच बोलायला लागले. स्कूटर निघाली, पार्किंग निघालं, माझी लिफ्टसुद्धा निघाली, आणि मला तोंडावर सुनावणाऱ्यांत तेच लोक होते ज्यांनी चार वर्षं अंगठे पाठवले होते. दीड तास भांडण चाललं. मी काकूंच्या खुर्चीजवळ गेलो आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काकू, गेटचं काय करायचं?" त्या म्हणाल्या, "दिवसाचा उघडा ठेवा, रातीचा बंद करा." हात वर झाले. बाजूने चोवीस, विरोधात अकरा, बाकीचे कुंपणावर.

घरून लिहून आणलेला कागद मी घडी करून खिशात घातला. त्या दिवशीचं इतिवृत्त मी सभा संपल्यावर लिहिलं.